दादाला, कलम नऊबद्दल

प्रिय दादा,

हे पत्र मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवतेय. ऑफिसात आलं असतं तर तुझ्याआधी तुझ्या सहायकाने वाचलं असतं. आई बरी आहे. आपल्या पाणीपुरवठा खात्याचं तंटा निवारण धोरण तू जाहीर केलंस तेव्हाचा पेपरातला फोटो ती येईल त्याला दाखवते. तू माइकसमोर, आणि मागे कडेला माझा अर्धा खांदा. मुलगा मोठा साहेब झाला, म्हणते. ते धोरण कोणी लिहिलं हे मी तिला सांगितलेलं नाही.

तुला वाटत असेल, धाकटीने सगळं कधीच मागे टाकलं. मीही तसंच दाखवत आले. तू मला गणित शिकवलंस, खात्याच्या परीक्षेचा फॉर्म भरलास, पहिल्या दिवशी माझ्या टेबलापर्यंत सोडायला आलास. त्यामुळे पंपघरातल्या मोठ्या फिरत्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी निघालीय, अशी टिपणी मी तुझ्याकडे पाठवली तेव्हा तू ती वाचशील याबद्दल मला शंकाच नव्हती. दोन महिन्यांनी पंपचालकाचा उजवा हात त्याच पट्ट्यात गेला. तीन बोटं गेली.

त्यानंतरची तुझी खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. पंखा सुरू, चहा आलेला, आणि मध्यस्थ म्हणून तुझ्याच हाताखालचा उपअभियंता. सामोपचाराने मिटवू, आपण सगळे एका घरची माणसं, असं तू म्हणालास. पंपचालकाचा हात बँडेजमध्ये होता. अपघात माझ्याच हलगर्जीमुळे झाला, अशा मजकुराखाली त्याने डाव्या हाताचा अंगठा उठवला. मग तू कागद माझ्याकडे सरकवलास आणि हळूच म्हणालास, "ताई, सही कर. आईला किती त्रास द्यायचा?" मला ताई तू फक्त काम असलं की म्हणायचास.

महिन्याभराने मी खरं बोलायचं ठरवलं, तेव्हा माझी टिपणी फाइलमध्ये नव्हती. मी तुझ्याशी भांडले. आठवडा उलटायच्या आत माझी बदली तळघरातल्या अभिलेख कक्षात झाली, आणि घरी तू सांगितलंस की हिच्या मनावर परिणाम झालाय, हिला शांत काम हवं. आईने विश्वास ठेवला. माझं ठरत आलेलं लग्न त्या एका वाक्याने मोडलं. मला हे कुठून कळलं ते विचारू नकोस.

तळघरात मी सहा वर्षं काढली. खात्यात मिटलेले सगळे तंटे तिथेच येऊन पडतात, म्हणून वाचत बसले. गळक्या नळाची तक्रार असो, डावललेली बढती असो, नाहीतर मोडलेला पाय, शेवटी वाक्य एकच, 'गैरसमज दूर झाला.' मध्यस्थ प्रत्येक वेळी साहेबाचाच माणूस. आणि एका दुपारी जुन्या आवक नोंदवहीत मला माझ्या टिपणीची नोंद सापडली, तारखेसकट, तुझ्या पोचसहीसकट. फाइलमधला कागद काढायला तुला सुचलं, नोंदवहीतली ओळ तशीच राहिली. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवले.

पुढे वरून हुकूम आला, कोर्टातले खटले कमी करा, आपापसात मिटवण्याचं धोरण तयार करा. ते कंटाळवाणं काम कोणालाच नको होतं, म्हणून तू ते तळघरात ढकललंस. मी आठ महिने मन लावून लिहिलं. मध्यस्थ खात्याबाहेरचा असावा. तक्रारदाराला नको म्हणायचा हक्क असावा. आणि कलम नऊ: पूर्वीच्या तडजोडीत मध्यस्थ एका पक्षाच्या हाताखालचा असेल, तर ती कितीही जुनी असो, दुसऱ्याला हे धोरण लागू झाल्यापासून वर्षाच्या आत ती पुन्हा उघडता येईल, आणि सामोपचार नाकारून थेट चौकशी मागता येईल. बैठकीत यावर कोणी हरकत घेतली नाही. तू तर शेवटचं पान उघडून सही केलीस आणि मला म्हणालास, छान झालंय, सुटसुटीत आहे.

पहिला अर्ज पंपचालकाचा आला. हो, त्याच्या घरी मीच गेले होते. तो आता एका गोदामाच्या फाटकावर बसतो. मी कलम वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाई, त्या कागदावर तुमची पण सही आहे." मी म्हटलं, आहे. साक्षीदार म्हणून. चौकशीत ते पहिल्या दिवशी बाहेर येईल आणि माझीही नोकरी जाईल. मला ते चालणार आहे. तुझ्या बाजूला बसून निकाल ऐकायला मिळणार असेल तर मला बरंच काही चालेल.

काल वहिनी आली होती. तिने तुझा सामोपचाराचा अर्ज आणला होता, आणि मी पंपचालकाला समजवावं, असा निरोप. आईही मध्ये पडली, घरातलं घरात मिटवा म्हणाली. वहिनीसमोर मी गप्प राहिले, म्हणून हे लिहितेय. त्याला मी समजावणार नाही. तुझा अर्ज त्याने काल संध्याकाळीच नाकारला. खाली नाव त्याने डाव्या हाताने लिहिलं, अक्षर अक्षर जोडत, आणि मी शेजारी उभी राहून पाहिलं. चौकशी सोमवारी अकरा वाजता सुरू होईल. पहिली साक्ष माझी आहे. नोंदवही मी आधीच खात्याबाहेरच्या चौकशी अधिकाऱ्याकडे सोपवलीय, तेव्हा तळघरात माणूस पाठवू नकोस.

तुझीच,
धाकटी