बेटावर मागितलेलं

९ ऑक्टोबर
प्रबोधचा एम्प्लॉयमेंट पास — इथे परदेशात नोकरी करायचा परवाना — रिन्यू झाला नाही! इतक्या वर्षांनी. कंपनीने अपील केलंय. तेही फेटाळलं तर बेडोकचं घर आवरायचं आणि थेट पुणे. जेवताना तो एवढंच म्हणाला, "बघू."
मला पुण्याला परत जायचंय — केव्हापासून. पण त्याचा जीव वन-नॉर्थच्या त्या लॅबमध्ये. नवऱ्याची नोकरी जाण्यात आपला फायदा बघणारी मी कसली बायको?

१२ ऑक्टोबर
उद्या कुसू बेटावर. कल्पना त्याचीच. "जायचंच झालं तर तेवढं तरी बघून जाऊ."

१३ ऑक्टोबर, रविवार
काय बेट आहे! पूर्वी म्हणे भरतीला दोनच खडक पाण्यावर उरायचे. आता भर घातलीय, तरी ओहोटीला समुद्र मागे सरकतो आणि खडकांची काळी, शेवाळलेली पाठ उघडी पडते. खाली चिनी देऊळ. वर टेकडीवर मलय संताचं पिवळंधमक थडगं — शेजारी त्याच्या आईचं, बहिणीचं.
बोटीत एक चिनी आजी भेटल्या. "फर्स्ट टाइम आह? टेम्पल, देन हिल. बोथ साइड मस्ट आस्क, लाह!" खाली उदबत्ती लावून त्या धापा टाकत वरही आल्या. दोन्हीकडे तितक्याच मनापासून वाकल्या. बघत राहिले.
"काय, नवस बोलणार का, एम.एस्सी. फिजिक्स?" — प्रबोध.
"तू बोल ना आधी!"
त्याने खरंच हात जोडले. मग मीही. मागितलेलं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून कोणी कोणाला विचारलं नाही.
मी मागितलं — अपील मंजूर होऊ दे. त्याच्यासाठी. मनात नसलेलं मागणं हे खोटंच ना? तेही दुसऱ्यांच्या संतापुढे!

१७ ऑक्टोबर
अपीलाचं काही कळलं नाही. आम्ही बेटाबद्दलच बोलतो.

२१ ऑक्टोबर
मंजूर! दोन वर्षं. शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. प्रबोध ओट्याला टेकून उभा.
"अनु, मी तिथे उलटं मागितलं होतं. फेटाळलं जाऊ दे म्हणून."
"वेडा आहेस का?"
"तू इथे किती कंटाळलीयेस, मला दिसत नाही का?"
रवा करपला. मी काय मागितलं होतं ते सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

२२ ऑक्टोबर
प्रबोधने राजीनामा दिला. मी अडवलं नाही.