धाकटीची तोंडी परीक्षा

४ मार्च

धाकटी जाऊ आज पुस्तक घेऊन आली. जीवशास्त्र, प्रथम वर्ष! वय बासष्ट, दोन्ही गुडघे बदललेले, आणि काखेत ते जाडजूड पुस्तक. "वहिनी, गेल्या जूनमध्ये मुक्त विद्यापीठात नाव घातलं, आता परीक्षा आली. तुम्ही जरा समजावून द्याल का?"

मी म्हटलं, "पुस्तक मराठीतच आहे ना? मग वाच."

"वाचते हो. डोक्यात शिरत नाही."

"मग शिरेपर्यंत वाच."

यात वाईट काय बोलले? उभा जन्म मी हाच विषय कॉलेजात शिकवला. प्रथम वर्षाचे वर्ग कायम माझ्याच गळ्यात, कारण नव्या पोरांना सरळ करायला दुसरं कोणी तयार नसायचं. आता हिला उतारवयात हौस आली म्हणून मी पुन्हा खडू हातात घ्यायचा? निवृत्त झाले आहे मी. विषयातूनही आणि नातेवाइकांतूनही.

हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "अगं, उद्यापासून चारला ये. बघू या आपण."

बघू या! ह्यांनी नोकरीभर विम्याचे दावे तपासले. कोणाची गाडी कुठे ठोकली, कोणाचं गोदाम खरंच जळलं की जाळलं. ह्यांना पेशीतलं काय कळणार?

५ मार्च

आली. केसांना रंग लावून आली. गॅलरीत दोन खुर्च्या टाकल्या ह्यांनी. मध्ये स्टूल, स्टुलावर पुस्तक, आणि दार ओढून घेतलं. "तुला त्रास नको."

मला त्रास नको! लग्न झाल्यापासून टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून सांगतेय, तेव्हा हा विचार कुठे होता?

७ मार्च

हसतात. पुस्तकात हसण्यासारखं एक वाक्य नाही, मी ते पुस्तक ओळखते. लिहिणाऱ्याच्या अंगात रक्ताऐवजी फॉर्मॅलिन असावं. तरी आतून ऐकू येतं ते हसणंच. आधी हे काहीतरी पुटपुटतात, मग ती "अय्या, भावजी!" म्हणते, मग दोघं.

माझ्या विनोदावर ह्यांची मिशीसुद्धा हलत नाही.

चहा न्यायच्या निमित्ताने दार उघडलं. दोघं गप्प. ती पदराने डोळे पुसत होती, हसून हसून आलेलं पाणी. मी विचारलं, "काय चाललंय?" हे म्हणाले, "परासरण." चेहरा अगदी सभ्य. परासरणावर कोणाला हसू येतं?

८ मार्च

कप दोनच नेले आज. तिसरा कशाला? मला कोणी बोलावलंय?

९ मार्च

लेकीचा फोन. पहिलं वाक्य, "आई, काकू किती ग्रेट ना! या वयात!"

मी म्हटलं, "या वयात माझी पाठ दुखते, त्याबद्दल बोलू या का?"

"तू शिकवतेस ना तिला?"

"तुझे बाबा शिकवतायत."

"बाबा?" आणि ही पण हसायला लागली. घरात सगळ्यांनाच हसू फुटलंय, मी सोडून.

मग तिने ते जुनं सांगितलं. दीर आजारी होते तेव्हा डॉक्टर आपसात काय बोलतात ते काकूला कळायचं नाही, म्हणून तिने नाव घातलंय. ते मलाही ठाऊक आहे. मीही होते त्या वॉर्डात. धाकटी बाकावर बसून नुसती एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची. मी सगळं समजत होते आणि तिला मोजकंच सांगत होते, कारण जे समजत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

मग तेव्हा नाही विचारलं, ते आता ह्यांना विचारतेय? विचारायचं तर मला विचार ना! विचारलंन म्हणा. मी "वाच" म्हटलं. पण दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पहिल्यांदा कधीच हो म्हणायच्या नाहीत. दुसऱ्यांदा हात वर करील त्या मुलीला खरंच शिकायचंय असं धरायच्या. पालिकेच्या शाळेत असलं काही शिकवत नसावेत. तिथे पाठांतर. धाकटीचं पाठांतर जबरदस्त आहे, तेवढं कबूल. लग्नात तिने उखाणा घेतला तो चार ओळींचा, आणि अडखळली नाही. माझी एकच ओळ होती आणि तीही इंग्रजी वळणाची निघाली. सासूबाई अजून वरून हसत असतील.

११ मार्च

ह्यांनी तिच्यासाठी रंगीत पेन्सिली आणल्या. बारा रंगांचा डबा. आकृत्या काढायला.

मी तीस वर्षं फळ्यावर आकृत्या काढल्या, पांढऱ्या खडूने. बोटं फाटायची. रंगीत खडूची पेटी आणून द्यावी असं ह्यांना एकदा तरी वाटलं का!

१२ मार्च

हिरवी पेन्सिल मी घेतली. भाजीची यादी करायला. काढू दे हरितलवक निळं.

१३ मार्च

परत ठेवली. हे म्हणाले, "अगं ती शोधत होती." मी म्हटलं, "मिळाली ना?" "मिळाली." पुढे काही बोलले नाहीत. ह्यांचं न बोलणं ही तर जुनी सवय. दावा खोटा आहे हे कळलं की हे असेच गप्प बसायचे म्हणे, समोरचा आपोआप खरं बोलेपर्यंत.

मी बोलले नाही.

१५ मार्च

आजचा दिवस माझा!

कॉलेजातून फोन. विभागप्रमुख, कालपर्यंत माझ्या हाताखाली बीकर धुणारी मुलगी. "मॅडम, मुक्त विद्यापीठाची प्रॅक्टिकल आपल्याच केंद्रावर आहेत. तोंडी घ्यायला माणूस कमी पडतोय. याल का? वीस तारखेला."

धाकटीचं केंद्र तेच, वीस तारीख तीच.

सांगायला हवं होतं की माझी जाऊ परीक्षेला बसते आहे. नातं असेल तर परीक्षकाने आधी कळवायचं, असा नियमच आहे. मीच एकदा दुसऱ्या एकाला या नियमावरून झापलं होतं. तोंड उघडलंही सांगायला.

तोंडातून निघालं, "येईन."

घरात बोलले नाही. चार वाजले. खुर्च्या सरकल्या. हसणं सुरू झालं. हसा.

१७ मार्च

प्रश्न तयार केले. सोपे नाहीत, पण अन्यायाचेही नाहीत. निदान पुस्तकाबाहेरचे नाहीत.

एक गोष्ट मात्र जरा... म्हणजे सापळाच आहे, त्याला दुसरा शब्द नाही. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड करताना काच तिरकी न टेकवता एकदम आपटली की खाली हवेचे बुडबुडे अडकतात. मायक्रोस्कोपखाली ते गोल गोल, काळ्या ठळक काठाचे, फार छान दिसतात. खऱ्या पेशी बिचाऱ्या फिकट विटांसारख्या. नवशिक्या हमखास बुडबुड्यालाच पेशी समजतो. तर स्लाइड मुद्दाम वाईट करायची, भिंगातली खुणेची सुई बुडबुड्यावर आणायची, आणि विचारायचं, "या पेशीचं केंद्रक दाखवा."

ती अर्धा तास केंद्रक शोधेल!

बाराही रंगांच्या पेन्सिली घेऊन शोधू दे.

१८ मार्च

जेवताना मी ह्यांना म्हटलं, "एवढं काय विचारता हो तिला रोज?"

"ती विचारते. मी सांगतो."

"आणि तुम्हाला कुठून येतं?"

"येतं थोडंफार."

"थोडंफार! चुकीचं सांगाल आणि ती नापास होईल."

"होईल तर होईल. पण होणार नाही." आणि आमटी वाढून घेतली, शांतपणे. किती विश्वास! माझा पीएच.डी.चा अर्ज फेटाळला गेला तेव्हा म्हणाले होते, "जाऊ दे." दोन शब्द. तिच्यासाठी रोजचा एक तास.

मी म्हटलं, "तिच्याशी बोलताना तुम्ही बरेच तरुण होता."

ह्यांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "तू गॅलरीत का येत नाहीस?"

"दार कोणी लावलं?"

"कडी नव्हती लावली."

जेवण झाल्यावर भांडी मी आपटली. एका बशीचा टवका उडाला. माझ्याच माहेरची बशी.

१९ मार्च

धाकटी आज निघताना वाकली, नमस्कार केला. "वहिनी, उद्या परीक्षा. आशीर्वाद द्या."

मी "हं" म्हटलं. हात डोक्यापर्यंत गेला, टेकला नाही. ही बाई मला आवडत नाही असं नाही. हिने माझं बाळंतपण केलं आहे. हिच्या हाताचं खाल्लं आहे मी. पण ह्यांच्या शेजारची ती खुर्ची! तिथे मी बसायला हवी होते, आणि ह्यांनी मला विचारायला हवं होतं, "हे काय गं? आणि हे कसं होतं?" कधी तरी. एकदा तरी. मला येणारी एकच गोष्ट, आणि ह्यांनी ती दुसरीला शिकवायला घेतली, तेही मला वगळून!

स्लाइड उद्या सकाळी करीन.

२० मार्च

नीट लिहून ठेवते.

माझ्यासोबत दुसरा परीक्षक एक टायवाला तरुण होता. गुण तो लिहिणार, प्रश्न दोघांनी विचारायचे. धाकटी अकराच्या सुमाराला आत आली. मला पाहिलं आणि दारातच थांबली. पदर सावरला. "बसा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला अहो-जाहो केलं.

मायक्रोस्कोप पुढे सरकवला. "या पेशीचं केंद्रक दाखवा."

तिने चष्मा वर केला, डोळा लावला, स्क्रू हळूच फिरवला. बराच वेळ. मला आतून उकळी फुटत होती, खोटं कशाला लिहू. मग तिने मान वर केली.

"मॅडम, ही पेशी नाही. बुडबुडा आहे. काठ फार ठळक आणि पोटात काही नाही, तो बुडबुडा समजायचा. माणसांतही तसंच."

टायवाला हसला. मी नाही हसले. माझ्या कानात गरम काहीतरी झालं. ते वाक्य माझं आहे! "माणसांतही तसंच" हे तर अगदी माझं. दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला, मागच्या बाकावरच्या कोणा दिमाखदार पोराकडे बघून मी म्हणायचे.

योगायोग असेल म्हणून पुढचा प्रश्न विचारला. "पेशीपटलाचं काम काय?"

धाकटीने डोळे मिटले. पाठ केलेलं म्हणताना ती असेच डोळे मिटते. आणि एका दमात —

"पेशीपटल म्हणजे आमच्या कॉन्व्हेंटची मदर सुपीरियर. फाटकात उभी. पाण्याला आत सोडते, कारण पाण्याशिवाय चालत नाही. मीठ आलं तर विचारपूस करते. आणि मुलाची चिठ्ठी आली तर बाहेरच्या बाहेर परत पाठवते. भिंत वेगळी, मदर वेगळी. भिंत कोणाला विचारत नाही, नुसती उभी असते."

आमच्या कॉन्व्हेंटची! हिने कॉन्व्हेंटचं फाटक तरी पाहिलं आहे का? पालिकेच्या शाळेत पाटीवर थुंकी लावून पुसणारी ही, आणि म्हणते आमच्या कॉन्व्हेंटची मदर! तिच्या लक्षातही आलं नाही. शब्दाला शब्द. माझाच सूर, "विचारपूस"वर मी देते तोच हेलसुद्धा.

मी पेन खाली ठेवलं. टायवाल्याला म्हटलं, "ही माझी जाऊ आहे. मी आधीच सांगायला हवं होतं. गुण तुम्ही द्या, मी बाजूला बसते." तो गोंधळला. "मॅडम, आधी का नाही..." मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली सायकल स्टँड. त्याने आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. तिने बरी उत्तरं दिली, एक चुकलं.

ती गेल्यावर मी विचारलं, "किती दिले?"

"दहापैकी सात. ते मदर सुपीरियरचं पुस्तकात नाही ना, मॅडम. तिथे दोन कापले."

दोन! माझ्या पेशीपटलाचे दोन गुण कापले त्या बुडबुड्याने! ज्या उत्तरावर पिढ्या पास झाल्या, त्याचे! तोंडावर आलेलं सगळं गिळलं, कारण आज मला बोलायला जागा नव्हती. चहाही न घेता निघाले.

पण तिला हे दिलं कोणी? कुठल्या जुन्या विद्यार्थिनीला धरलं? कोणाच्या वह्या मिळवल्या? चोरी आहे ही. सकाळी ह्यांना खडसावून विचारणार.

२१ मार्च

विचारलं. हे मटार सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "तूच दिलंस. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत ओट्यासमोर कॉलेजातला त्या दिवशीचा तास घेऊन बघायचीस. मी पलीकडे दाढी करायचो. इतकी वर्षं."

"म्हणजे तुम्ही ऐकत होतात?"

"हळू दाढी करायचो."

मी खुर्ची ओढली. वाटलं, परीक्षा घेऊ. "बेडकाच्या हृदयाला कप्पे किती?"

"तीन. म्हणून तो उड्या मारतो पण कोणाचा होत नाही, असं तू म्हणायचीस."

मी असं म्हणायचे? मला ते आठवतच नव्हतं.