पूर्ण शिक्षा

१२ सप्टेंबर

शब्द चुकतो म्हणजे नक्की काय होतं? मला सांगता येत नाही. पदवी हातात आहे, तरी उत्तर नाही!

बाबा जे बोलले ते इथे पूर्ण लिहून ठेवते, कारण आता ते पूर्ण कोणीच ऐकत नाही. माझ्या पदवीचे पेढे वाटले त्या संध्याकाळी शेजारीपाजारी आमच्या क्वार्टरच्या अंगणात जमले होते. चारचौघांत कधी न बोलणारे बाबा उभे राहिले. म्हणाले, "मी दहावी नापास. कारखान्यात मोटरींना तार गुंडाळण्यात जिंदगी गेली. तवाच पक्कं ठरवलं, पोरीला पूर्ण शिक्षा देईन. आज देऊन झाली. आता मी मोकळा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणाला काही खटकलं नाही. इथे, हिंदी मुलखात, शिक्षा म्हणजे शिक्षण. हिंदीत तेच, शाळांच्या पाट्यांवर तेच, आणि कारखान्याच्या टाउनशिपमधल्या आमच्या मराठीतही तेच. मी अभिमानाने व्हिडिओ माझ्या खात्यावर टाकला.

पुण्यात शिक्षा म्हणजे दंड.

कोणीतरी शेवटचा तुकडा कापला — "पोरीला पूर्ण शिक्षा देईन. आज देऊन झाली. आता मी मोकळा." मागे खिदळण्याचा आवाज, वर बेड्यांचं चित्र. दहावी नापास गेलं, मोटरी गेल्या, अंगण गेलं. उरला एक म्हातारा, मुलीला बदडून खूश झालेला. लाखो लोकांनी पाहिला.

१४ सप्टेंबर

पुण्याहून रजनीआत्याचा फोन. स्पीकरवर होता. "अरे दादा, काय केलंस रे पोरीला?" आणि हसणं थांबेना. बाबाही हसले. मग फोन ठेवून झाडांना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं.

आत्या वाईट नाही. तिलाही तो तुकडाच मिळाला होता.

१९ सप्टेंबर

तक्रार केली होती. उत्तर आलं — आम्ही तपासलं, हा मजकूर आमच्या नियमांत बसतो. खाली सही नाही, नाव नाही. भांडायचं तरी कोणाशी?

आता त्याच तुकड्यावर एका कोचिंग क्लासची जाहिरात. बाबांचा तोंड उघडं असलेला चेहरा आणि बाजूला — 'शिक्षा नको, शिक्षण घ्या!' म्हणजे ज्याने मला शिकवलं, त्याचा चेहरा दाखवून हे लोक शिक्षण विकणार!

केशवकाका बाबांच्याच सेक्शनमध्ये, शेजारच्याच क्वार्टरमध्ये. ते रागाने लाल. म्हणाले, नुसतं नाव सांग त्या क्लासवाल्याचं, स्कूटर काढतो. बाबा म्हणाले, "छोडो यार."

केशवकाकांशी! हिंदीत!

२३ सप्टेंबर

आता खात्री झाली. बाबांनी मराठी सोडली आहे. ठरवून नाही, पण सोडली आहे. चहा दो. पंखा बंद करो. आईशीसुद्धा. आज मेथी निवडताना आई म्हणाली, घरात पाहुणा आल्यासारखं वाटून राहिलं.

ऑक्टोबरअखेर बाबा रिटायर होणार. इथलं मराठी मंडळ दरवर्षी रिटायर होणाऱ्यांचा सत्कार करतं, शाल-नारळ आणि दोन शब्द. बाबांनी ते दोन शब्द आतापासून पाठ करायला घेतले होते, आंघोळ करताना ऐकू यायचे. आज सेक्रेटरी सुमित्राकाकू विचारायला आल्या. बाबा म्हणाले, "शॉल दे दीजिए बस. बोलूँगा नहीं."

एवढी वर्षं कारखान्यात काढून हा माणूस मुका होऊन बाहेर पडणार — माझ्या एका व्हिडिओपायी. नाही. हे मी होऊ देणार नाही!

२५ सप्टेंबर

ऑफिस. एम. पी. नगरमधल्या आमच्या दोन खोल्या, दुकानांच्या आणि क्लासेसच्या जाहिराती करून देणाऱ्या. रवींद्र सर माझ्यावर बेहद्द खूश. माझ्या खात्यावर नव्वद हजार माणसं झाली म्हणे. "तुझे बाबा हिट आहेत, बेटा!" तो क्लास आता आमचं गिऱ्हाईक होऊ पाहतोय. बाबांना खऱ्या जाहिरातीत घेणार. दर आठवड्याला एक चुकीचा शब्द, एक हशा. बाबांनाही पैसे, मलाही बढती.

मी म्हटलं, मला बाबांचं वाक्य पूर्ण ठेवायचंय कुठेतरी. स्वतःची वेबसाइट करीन म्हणते.

सर मनापासून हसले. "वेबसाइट? वहाँ आएगा कौन?"

कोणी न आलं तर न आलं. पण येईल तो पूर्ण वाक्य ऐकेल.

३० सप्टेंबर

साइटचं नाव विकत घेतलं! माझ्या पगारातून, माझ्या नावावर. 'पूर्ण शिक्षा.' आता या नावाने जगात दुसरं काही उघडणार नाही.

आईला समजावत बसले. म्हटलं, त्या खात्यावर मी लिहिते, पण जागा त्यांची. वर काय दिसावं, मध्ये कोणाची जाहिरात यावी, कोणी काय कापावं, सगळं ते ठरवणार. आई म्हणाली, "म्हणजे क्वार्टरच नं गं. आंबा आपण लावला, पण जाताना काही घेऊन जाता येते का?"

गेला आठवडाभर मी मोठमोठे शब्द शोधत होते. आईने आंब्यावर उरकलं.

६ ऑक्टोबर

पान उभं राहिलं. साधं — पांढरं, काळी अक्षरं. कुठे काही उडत नाही, टुणकन वर येत नाही, कोणी कोणाला मोजत नाही. सर बघतील तर म्हणतील, शोकपत्रिका आहे का? मला मात्र सारवलेल्या अंगणासारखं दिसतं. तासभर नुसती बघत बसले!

वर बाबांचं सगळं बोलणं, पहिल्या शब्दापासून टाळ्यांपर्यंत. त्याखाली आमचे शब्द. 'शिक्षा' — पुण्यात दंड, आमच्याकडे शाळा. 'खाली' — त्यांच्याकडे जिन्याच्या तळाशी, आमच्याकडे रिकामं. म्हणून आम्ही वरच्या मजल्यावरचं क्वार्टरही खाली करतो. 'चेष्टा' — त्यांच्याकडे थट्टा, आमच्याकडे प्रयत्न. बाबा कोणत्याही बिघडलेल्या मोटरीची खूप चेष्टा करतात.

चूक-बरोबर असं कुठे लिहिलं नाही. दोन अर्थ, शेजारी शेजारी.

बाबांना दाखवलं. "अच्छा है," म्हणाले. झालं.

११ ऑक्टोबर

कोणी आलं नाही. निदान कोणाचा मेल तरी नाही.

१७ ऑक्टोबर

पत्र आलं! साइटवर मी माझा मेल दिला होता, त्यावर. भिलाईहून, यशोदा ताम्हणे नावाच्या बाईंचं. त्यांचे वडील पोलाद कारखान्यात होते. तेही शिक्षाच म्हणायचे. 'मी दर वेळी त्यांना टोकायची, बाबा शिक्षण म्हणा. शेवटी शेवटी ते माझ्याशी जपून बोलायचे, शब्द निवडून. आता ते नाहीत. तुमच्या वडिलांचं पूर्ण बोलणं मी वाचलं, मग मोठ्याने वाचलं. तुमच्या वडिलांना टोकू नका.'

बाबा जेवत होते. मी वाचून दाखवलं. त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले —

"तिला लिही, बाप नाराज नसतो होत. लिही आजच."

मराठीत! आई आमटी वाढता वाढता थांबली. लिहिलं. आजच लिहिलं.

२२ ऑक्टोबर

भिलाईच्या बाईंनी कोणाला सांगितलं, त्यांनी आणखी कोणाला. रांची, इटारसी, जबलपूर — कुठल्या कुठल्या टाउनशिपमधून शब्द येताहेत. रोज दोन-तीन. सरांच्या हिशेबात शून्यच. पण प्रत्येकामागे एक नाव आहे, एक बाप किंवा आई आहे. नव्वद हजारांत मला एकाचंही नाव माहीत नाही.

बाबा फॅक्टरीतून आल्यावर चपला काढायच्या आधी विचारतात, "आज कोणता शब्द आला?" केशवकाकाही येऊन बसतात. काल ते 'राग' शब्दावरून अर्धा तास वाद घालून गेले — गाण्यातला की डोक्यातला!

२६ ऑक्टोबर

क्लासवाले जाहिरातीसाठी कॅमेरा घेऊन सोमवारी येणार म्हणे. सरांनी परस्पर ठरवलं. मी अजून हो म्हटलेलं नाही, बाबांना तर माहीतही नाही. आईला सांगितलं. तिला पटत नाही, पण क्वार्टर सुटणार, सोनागिरीत भाड्याची जागा बघून झाली आहे, डिपॉझिट मागताहेत. ती म्हणते, जाहिरात नको, पण खातं ठेव. दोन्ही राहू दे. एवढी माणसं कोणी हातची घालवते का?

बघते, म्हटलं.

सुमित्राकाकू पुन्हा येऊन गेल्या. बोलणार का? बाबा नुसते हसले. सत्काराच्या कागदावर त्यांच्या नावापुढे अजून 'भाषण नाही' असंच आहे.

२८ ऑक्टोबर

जिंकलो!!

क्रमाने लिहिते. मंडळाचा हॉल भरलेला. रजनीआत्याही पुण्याहून आली होती, पहिल्या रांगेत. बाबांना शाल घातली, नारळ दिला. काकू पुढचं नाव घेणार तोच बाबा माइककडे वळले. आई मला कोपराने ढोसत होती, "मोबाइल काढ नं!" मी काढला नाही. पर्समध्येच ठेवला. मला ऐकायचं होतं.

बाबा म्हणाले, "बोलणार नव्हतो. आता बोलतो. या कारखान्यानं मला छत्तीस वर्षं शिक्षा दिली."

थांबले.

"दोन्ही अर्थानं."

काय हशा उठला! त्यांच्यावर नाही — त्यांच्यासोबत. पंखे हलले असतील. बाबा थांबेनात. "खूप चेष्टा केली. मोटरींची केली, जमलं तेव्हा फोरमनचीही केली." केशवकाका खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. आत्या हसता हसता रडायला लागली. बाबा खाली उतरल्यावर त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "दादा, तुझं सगळं ऐकायचं राहून गेलं होतं रे."

शेवटी काय म्हणाले ते शब्द न् शब्द लिहून ठेवते. "माझं बोलणं माझ्या पोरीनं एका जागी पूर्ण ठेवलं आहे. तिथं कोणी हसायचं कुठं ते सांगत नाही. ज्याला यायचं त्यानं यावं, पत्ता सोपा आहे." आणि पत्ता सांगितला. एकेक अक्षर सुटं करून, जसा फोनवर सांगतात तसा.

टाळ्या. किती वेळ!

मी सगळं साइटवर लिहिलं. ऐकलं तसं. कुठेही न कापता.

२९ ऑक्टोबर

सकाळीच रवींद्र सरांचा फोन. मंडळातल्या कोणाकडून तरी कळलं त्यांना. भाषण खात्यावर टाक, आत्ताच्या आत्ता, उद्या कॅमेरा आहेच.

म्हटलं, सर, कॅमेरा नको. आणि खातं नाही. काल सकाळीच बंद केलं. बाबा बोलतील की नाही, ते माहीत नव्हतं तेव्हा.