न गाणारे चार खांदेकरी

छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५, रविवार

प्रिय साहेबराव,

आशीर्वाद. सिल्लोडला थंडी कशी आहे? कापूस वेचून झाला का? फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

बातमी अशी, की तुझा दादा एकाहत्तराव्या वर्षी नट झाला! हसू नको. पुण्याची एक मंडळी इथं ऑपेरा बसवतेय. म्हणजे सगळं गाण्यातच. भांडायचं तेही सुरात. त्यांना न गाणारी माणसं हवी होती, त्यात आम्ही गावातले चौघं लागलो. काम एकच: मेलेल्या राजाची तिरडी रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायची. तोंड बंद. मला तेच अवघड! शाळेतल्या कविता अजून माझ्या ओठांवर असतात, तुला ठाऊक आहे. मागं कोरस सुरू झाला की माझेही ओठ हलतात. दिग्दर्शिका सायली ओरडते, "काका, राजा गेलाय! कविता नका म्हणू!"

पण तो कोरस, साहेबराव! पन्नास गळे एकदम चढतात तेव्हा अंगरख्याच्या आत काळीज थरथरतं रे. चौथीत आमचा सगळा वर्ग मिळून कविता म्हणायचा आणि वरचे पत्रे वाजायचे, अगदी तसं.

काल तर कहरच. तालमीत अर्ध्या वाटेत आम्ही चौघांनी, कुणी न सांगता, तिरडी खाली टेकवली. पुढचे मागं गेले, मागचे पुढं आले. गाणं थांबलं. सायली धावत आली, "अहो, हे काय?"

वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेला कडूबा म्हणाला, "म्हंजे? विसावा नको व्हय? तसंच नेतेत का माणसाला?"

तिरडीवरचा राजा उठून बसला, "राहू द्या हो, माझ्याही पाठीला बरं!" सगळे हसले. सायलीनं विसावा कायम केला.

मी हसलो नाही. खांदा बदलताना मला मनकर्णा आठवली. तुझी बायको गेली तेव्हा तिला खांदा द्यायला मी नव्हतो. ताप आहे म्हणून कळवलं होतं. ताप नव्हता. तुझ्या लेकीच्या, मेघाच्या लग्नपत्रिकेत माझं नाव तिच्या मामांच्या खाली छापलं, एवढ्यावर रुसून बसलो होतो. त्या दिवशी बसस्टँडवर आलो, सिल्लोडची गाडी लागलेली होती. ती सुटताना पाहिली आणि घरी परतलो. तव्यावरची पहिली भाकर मला वाढणारी ती बाई! सहा वर्षं झाली, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

कडूबा लेकीकडे चाललाय, त्यामुळं २५ तारखेच्या प्रयोगाला एक खांदा कमी आहे. "तुमच्या उंचीचा कुणी बघा," सायली म्हणाली. माझ्या उंचीचा मला एकच माणूस माहीत आहे.

ये. गाता येत नाही, हीच तुझी पात्रता. पुढं तू लाग, मी मागं राहीन. आणि नाहीच आलास, तर माझ्यावर रागव, पण वरचं सगळं खरं मान.

तुझा,
वयानं तेवढा मोठा,
नानासाहेब