जन्माआधीचं दुपटं

आई,

तीन आठवड्यांपूर्वी रविवारी लेक आली होती. तू गेलीस तेव्हा ती पहिलीत होती, तुझ्या शेजारी बसून सुईत दोरा ओवायची आणि ओवला गेला की स्वतःच टाळ्या वाजवायची. आता ती अंबरनाथ पश्चिमेला राहते, घरूनच लॅपटॉपवर नोकरी करते आणि तिला सातवा महिना लागलाय. आल्या आल्या पंख्याखाली फरशीवर आडवी झाली आणि म्हणाली, "आई, मला रेडीमेड काही नकोय हां. बाळाला तुझ्याच हातचं दुपटं पाहिजे. आणि आत्ताच शिव. जुलैमध्ये पावसात वाळणार कसं यार ते?" मी ‘बघते’ म्हटलं आणि पन्हं करायला उठले. त्यात गूळ घालायला विसरले. तिने ते तसंच पिऊन टाकलं, सध्या तिला आंबटच लागतं.

आज ती पुन्हा येऊन गेली आणि मी लिहायला बसले. पाठवायचा काही प्रश्न नाही. तू होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं. मावशीची पेणहून पत्रं यायची ती मीच वाचून दाखवायचे, आणि तू मला मधेच अडवून विचारायचीस की हे तिने खरंच लिहिलंय की मी पदरचं घालतेय. पुष्कळदा मी पदरचंच घालायचे. मावशी फार कोरडं लिहायची. आज मात्र जे आहे तेच लिहिते.

उन्हाळा आला की तू दुसरीच बाई व्हायचीस. बाकीच्यांच्या आया उन्हाळ्यात पापड-कुरडयांनी वैतागलेल्या असायच्या, आणि तू होळी झाली की ट्रंकेतली जुनी लुगडी काढून त्यांच्याकडे माहेरचं माणूस आल्यासारखी बघत बसायचीस. कुळगावच्या आपल्या घराच्या पडवीत थरावर थर अंथरायचे, चार कोपऱ्यांवर पितळेचे डबे ठेवायचे आणि कडेने शिवत शिवत आत सरकायचं. जेवण झालं, भांडी पालथी घातली, की तू त्या गोधडीवर मांडी घालून बसलेली. बाहेर ऊन रणरणतंय, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि तू गुणगुणत बसली आहेस. मी एकदा विचारलं की एवढ्या उकाड्यात गोधडी मांडीवर घेऊन बसवतं कसं. तू म्हणालीस की वर्षभर सगळ्यांना काही ना काही हवं असतं, या दोन महिन्यांत दुपारी सगळे झोपतात. एवढंच. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आता माझीही दुपार तशीच जाते, आणि बेल वाजली की मला राग येतो.

उल्हासनगरला जायचो ते आठवतंय. कटपीसच्या गल्लीत तुझा एक ठरलेला सिंधी दुकानदार होता. तू प्रत्येक तुकडा उचलून गालाला लावून बघायचीस. बोटांवर तुझा भरवसा नव्हता, कारण बोटं सुईने निबर झालेली. तो बिचारा कंटाळून म्हणायचा, "अम्मा, ये दुकान है, बिछाना नहीं." आणि तू मराठीतच उत्तर द्यायचीस की झोपायलाच तर घेतेय. जीन्सच्या चिंध्या तो फुकट द्यायला तयार असायचा, पण तू हात लावायची नाहीस, सुया मोडतात म्हणून. तिथूनच पुढे बेकरी. घरून रवा, मैदा, तूप, पिठीसाखर मळून डब्यात भरून नेलेली असायची, आणि भट्टीवाला आपल्या ट्रेमध्ये नानकटाई भाजून द्यायचा. मे महिन्यात निम्म्या गावाच्या बायका तिथे डबे घेऊन ओळीने उभ्या, आणि कोणता ट्रे कुणाचा यावरून रोज भांडण. तू त्यावर उपाय काढलास. पर्समधून शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान काढायचं आणि प्रत्येक नानकटाईच्या डोक्यावर एकदा दाबायचं. भाजून आली की वर बारीक बारीक ठिपक्यांचा गोल. आपल्या नानकटाया कधी बदलल्या नाहीत. भट्टीवाल्याने विचारलं होतं हा साचा कुठे मिळतो, आणि तू ऐटीत सांगितलंस की हा विकत मिळत नाही.

आणि मग पेण. गोधड्या शिवून, नदीवर धुऊन, खडकांवर वाळवून झाल्या की आपण कल्याणहून एसटीने मावशीकडे जायचो. तुझी वर्षातली ती एकच सहल. तिथली खाडी, मिठागरं, मावशीच्या हातची सुकटीची चटणी, याच्यासाठी तू जायचीस असं सगळ्यांना वाटायचं. मला माहीत होतं, तू खिडकीसाठी जायचीस. रस्त्यालगतच्या प्रत्येक घराच्या दोरीवर कुणाची गोधडी वाळत घातलीय ते बघायचं आणि नावं ठेवायची. हिने रंग चांगले लावलेत, हिने पोटात जुनी पोती भरलीत, ही नुसती घाईत उरकलीय. घाई तुला अजिबात चालायची नाही. कुणी घाईत काम केलं की तुझं तोंड कडू व्हायचं, मग ती गोधडी असो की बापाने चढवलेला पंखा.

म्हणून तो एक उन्हाळा मला अजून कळत नाही. किंवा कळतो, आणि तेच जास्त वाईट.

मी पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडे आले होते. दिवस आषाढात भरणार होते. आपल्यात मूल हातात आल्याशिवाय त्याच्यासाठी काही शिवत नाहीत, टोपडंसुद्धा नाही. आधी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायचं, पाचवी पुजून झाली की मग आजीने सुई हातात घ्यायची. तुला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, गल्लीतल्या सगळ्या पोरांची दुपटी तूच तर शिवली होतीस. पण त्या वर्षी तू चैत्रातच सुई काढलीस. पावसात कापड वाळत नाही, बाळाला ओलसर पांघरूण नको, आत्ता कडक ऊन मिळतंय ते खाऊन घेऊ दे त्याला, असं तुझं म्हणणं. तुझ्या सासूने तोंड वाकडं केलं, तर तू हसून सोडून दिलंस. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मी तेव्हा केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला लागलेली, मला असल्या गोष्टींची चेष्टा करण्यातच मोठेपणा वाटायचा. आपण दोघी दुपारभर बसायचो. तू शिवायचीस, मी पोटावर नानकटाईची ताटली ठेवून खायचे, आणि आतून लाथ बसली की ताटली हलायची. तू सुई थांबवून ती ताटली हलायची वाट बघायचीस. आयुष्यात इतकी सुखात मी पुन्हा कधी नव्हते, आई. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

ताटली हलायची थांबली ते तुझ्याच आधी लक्षात आलं. दवाखान्यात नेलं, पण काही करण्यासारखं उरलं नव्हतं. नाळेला गाठ बसली होती, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. असं होतं कधी कधी, कुणाच्या हातात नसतं, असंही म्हणाल्या. मुलगा होता. मला दाखवला नाही. तू बघितलास, पण कसा होता ते मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

घरी आल्यावर दूध आलं. ते मला कुणी सांगितलंच नव्हतं, की मूल नसलं तरी ते येतं. छाती दगडासारखी, अंगात ताप, आणि पोलकं भिजतंय. मी मधल्या खोलीत पडून आहे आणि मागच्या दारातून एकसारखा बारीक आवाज येतोय, कुर्र, कुर्र. बराच वेळ मला कळेना कसला आवाज ते. मग तू आत आलीस. हातात मऊ सुती कापडाची लांब पट्टी. मला उठवून बसवलंस, आणि माझी छाती घट्ट बांधलीस. ते कापड मी ओळखलं. तुझ्या फिक्या निळ्या लुगड्याचं, दुपट्याच्या पोटातल्या थराचं. तू ब्लेड घेऊन एकेक टाका उसवला होतास. वरचे रंगीत तुकडे कुठे गेले ते मला कधी दिसले नाहीत. ती पट्टी दूध ओढून घ्यायची, तू ती धुवायचीस, वाळवायचीस, पुन्हा बांधायचीस. कडक ऊन होतं त्यामुळे लगेच वाळायची.

त्यानंतर तू गोधड्या शिवल्यास, पण दुपटं कुणाचंच नाही. गल्लीतल्या बायका सांगायला आल्या तर डोळ्यांचं निमित्त सांगायचीस. माझी ही लेक झाली तेव्हा बारशाला तू उल्हासनगरहून अस्वलांची चित्रं असलेलं विकतचं ब्लँकेट आणलंस. तिला त्याने अंगभर पुरळ उठलं. मला तुझा राग आला होता, मी तो बोलूनही दाखवला. तू ब्लँकेट उचलून कपाटात ठेवलंस आणि भाकऱ्या थापायला गेलीस.

तू ते फक्त एकदाच बोललीस. शेवटच्या वर्षी, मी तुझ्यासाठी सुया ओवून उशीला टोचून ठेवत होते तेव्हा. आधी कशाचा काही विषय नव्हता. म्हणालीस, "बाय, तवा मीच घाई केली." मी समजले आणि चिडलेच. नाळ म्हणजे काय, ती कशी गुंडाळली जाते, गाठ कशी बसते, सगळं हातवारे करून सांगितलं. शाळेतल्या पोराला समजवावं तसं. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "डाक्टर बरोबरच सांगत आसंल. पन हात माजे व्हते ना." आणि पुढच्या सुईसाठी हात पुढे केलास.

मला वाटत राहिलं की तू अडाणी होतीस म्हणून माझं पटलं नाही. तुला शिकायला मिळालं असतं तर हे ओझं घेऊन गेली नसतीस, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं. अजून वाटतं. इतकी वर्षं तू ते एकटीने वागवलंस आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

पण त्या रविवारी पोरीने पावसाचं कारण सांगितलं ना, शब्दाशब्दाने तुझंच, म्हणून तर पन्ह्यातला गूळ राहिला. त्या दुपट्याबद्दल तिला कधीच कुणी काही सांगितलेलं नाही. आधी एक भाऊ होता एवढंच तिला ठाऊक आहे. मी सगळी हयात लॅबमध्ये काढली. निवृत्त झाल्यावर गोधड्यांच्या ऑर्डरी घेते, पुण्या-मुंबईहून पोरी येऊन शिकून जातात, त्यांना मी शहाणपणाच्या गोष्टी सांगते. आणि इथे हेंद्रेपाड्याच्या फ्लॅटमध्ये तेव्हापासून दहा दिवस नुसतं कापड काढत होते आणि ठेवत होते. नाही म्हणावं तर पोरीला कारण सांगावं लागेल, आणि सातव्या महिन्यात तिला ते सांगून तिची झोप मी का घालवू? हो म्हणावं तर सुई हातात घ्यायला हवी.

शेवटी घेतली. माझी एक जुनी सुती साडी, तिचा बालवाडीतला फ्रॉक, जावयाच्या सदऱ्याचा तुकडा. आई, खरं सांगू, दोन-तीन दुपारी मला मजा आली. कूलर घुर्र करतोय, बाहेर सगळं सामसूम, आणि सुई एका लयीत चाललीय. मग एकदम आठवायचं मी काय शिवतेय, आणि मी उठून उगाचच ओटा पुसायचे. तू चैत्रात कशी बसली असशील ते मी बघू लागले. तुला घाई नव्हतीच. तुला आनंद झाला होता, आणि तो तीन महिने आवरून धरायला तुला जमलं नाही, इतकंच होतं ते. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं, नाळेची गोष्ट नव्हे. पण तेव्हा मला ते माहीतच नव्हतं.

काल दुपटं झालं. आज लेक आली आणि तिने ते पोटावर पसरून फोटो काढले, सगळ्यांना पाठवलेही. किती बारीक टाके घातलेस ग, म्हणाली. ती खूश होऊन गेली, आणि दुपटं इथेच ठेवून गेली, न्यायला तिच्या बॅगेत जागा नव्हती. बरं झालं. तिला शिवणातलं काही कळत नाही, पण तू नुसता हात फिरवला असतास तरी ओळखलं असतंस, म्हणून आपणहून सांगून टाकते. त्या दुपट्यात मी एकाही ओळीला गाठ मारलेली नाही. दोऱ्याची टोकं नुसती आत सारून ठेवली आहेत. टोक धरून हलकेच ओढलं तर ओळच्या ओळ निघून येईल, ब्लेड लागणार नाही. पोरगी सुटली, आत रडणं ऐकू आलं, की घरी येऊन एकेक गाठ मारीन. तोवर माझा हात होत नाही, आई.