रुख्मिणीबाईचं पित्त

१२ ऑगस्ट, मंगळवार
कळमनुरीला मीटिंग. पडद्यावर शहरातला रोबो दाखवला — ऑपरेशन तो करतो, डॉक्टर बाजूला बसून त्याला चालवतात! टाळ्या. मग माझी हजेरी घेतली. ‘अनुश्री मॅडम, उपकेंद्रातून व्हिडिओवर रोज दहा पेशंट डॉक्टरांना दाखवायचे असतात. तुमचे सहाच कसे?’ तांड्यातली माणसं आजारी पडत नाहीत, हा माझा गुन्हा? आमच्याकडे साधं ईसीजीचं मशीन नाही, म्हटलं. कुणी ऐकलं नाही.

१४ ऑगस्ट
नऊच पेशंट. एक कमी. झाडलोट करणारी रुख्मिणीबाई पदराला हात पुसत म्हणाली, ‘माजं नाव टाका ना, ताई. छातीत जळजळ लिवा.’ भारी बाई! तक्रारसुद्धा तयार. ओटीपी तिच्याच फोनवर आला. डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात पित्ताच्या गोळ्या लिहिल्या. साठा जुळायला हवा, म्हणून गोळ्या तिच्याच हातात ठेवल्या. सुटले बाई!

२ सप्टेंबर
रुख्मिणीबाई, पित्त — सहावी वेळ. ‘काहून बरं होऊन न्हाई राहिलं हो तुमचं पित्त?’ मी तिच्याच भाषेत चिडवलं. हसली. हल्ली झाडता झाडता पायरीवर बसून राहते. अंगचोर झालीय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
दुपारी रुख्मिणीबाई आली ती घामानं चिंब. ‘ताई, आज लई तकलीफ हाय. डावा हात बी भरून आला.’ बीपी कमी. लगेच कॉल लावला. डॉक्टरांनी जुन्या नोंदी उघडल्या. ‘अकरा वेळा पित्तच आहे, सिस्टर. गोळ्या चालू ठेवा.’ मी म्हटलं, सर, घाम फार येतोय. ‘उन्हाचा असेल.’

त्या अकरा नोंदी खोट्या आहेत, सर — एवढंच म्हणायचं होतं. नोकरी गेली असती. गोळी दिली. त्रास वाढला तर गाडी करून जा, म्हटलं आणि घरी पाठवलं.

आता जेवण जात नाहीये.

२० सप्टेंबर
गेली. पहाटे, कळमनुरीच्या अलीकडे, जीपमध्येच. हार्ट, म्हणाले.

२१ सप्टेंबर
मी मारलं तिला.

२६ सप्टेंबर
आज चारच पेशंट. एकही नाव भरलं नाही. वरून फोन आला, बोलणी खाल्ली. खाल्ली तर खाल्ली. केंद्र झाडलेलं नाही. तिचा झाडू दाराआड तसाच आहे, हात लावायची हिंमत होत नाही.

तिच्या मुलाला, जगनला, सगळं सांगणार आहे. तुझ्या आईला मी खोटं आजारी केलं, म्हणून खऱ्या वेळी कुणी ऐकलं नाही. मारू दे मला चपलेनं.

२९ सप्टेंबर
जगनच आला. सांगितलं. रडत, अडखळत, पण सगळं.

त्याला कळेचना. ‘तकलीफ खोटी कशी, ताई?’ पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून त्यानं टेबलावर ठेवली. सगळी रिकामी. ‘दोन महिने झाले, छाती धरून बसायची. आमी दवाखान्यात चल म्हणलं की म्हणायची — काहून? ताईला सांगून राहिले ना मी.’