उंदरांच्या घरातला आवाज

प्रिय मामा,

तुला साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून घातलाय, तेव्हा आठातली काही अंगं वजा कर.) तुझा गुडघा काय म्हणतो, मामीचं पित्त शांत आहे ना, आणि तुमच्या डोक्यावरची मंडळी अजून पहाटे कपाटं सरकवतात का, ते सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे मावशी खुशाल आहे आणि मी अजून तिच्याकडेच आहे, हेच खूप झालं. कारण मामा, मी मावशीच्या खेळण्यात पादणारा फुगा बसवला. हे करायला नको होतं. आणि मला ते नंतर उमगलं वगैरे काही नाही, बसवतानाच चांगलं माहीत होतं. पण त्यापुढे जे घडलं ते एकट्याच्या पोटात मावत नाही, आणि आईला सांगायची सोय नाही, म्हणून तुला लिहितोय. मामी शेजारी असेल तर पत्र आत्ता घडी करून ठेव.

तुझ्या शब्दावर मावशीने मला ठेवून घेतलं खरं, पण ती नेमकं काय करते हे तुला तरी धड ठाऊक आहे का? मला वाटलं होतं बाहुल्या, गाड्या असलं काहीतरी असेल. तर तसं नाही. ज्या मुलांना शाळेतलं अक्षर पटकन डोक्यात बसत नाही, आकडा हातातून निसटतो, त्यांच्यासाठी ती खेळणी बनवते. काही पोरांना म्हणे तीन आणि पाच एकसारखेच वाटतात, जशा मला आईच्या सगळ्या निळ्या साड्या वाटतात. माझं काम कडा घासायचं. पॉलिश पेपरने घासायचं, मग तो तुकडा स्वतःच्या गालावरून फिरवायचा, गालाला टोचला की परत घासायचा. (माझा उजवा गाल आता डाव्यापेक्षा देखणा झालाय.) आणि प्रश्न विचारायचे, हे काम मला कुणी दिलेलं नाही, ते मी आपलं आपण घेतलं. हा ठोकळा एवढा जड का? हाताला कळावं म्हणून. रंग एकच का? रंग बघून उत्तर देतील आणि आकडा राहील बाजूला, म्हणून. शाळेत मी एवढे प्रश्न विचारले असते तर मास्तरांनी मला वर्गाबाहेर काढलं असतं. अर्थात न विचारताही काढलंच.

मावशीच्या कामाच्या खोलीत दोन गोष्टी व्रतासारख्या पाळतात. एक म्हणजे मूल चुकलं तर खेळण्याने गप्प बसायचं. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. मी विचारलं, का गं असं? ती ठोकळ्यावरून नजर न काढता म्हणाली, "चुकल्यावर या मुलांना आधीच खूप आवाज ऐकू येतात." त्या दिवशी मी नेहमीच्या दुप्पट कडा घासल्या. (खोटं वाटत असेल तर मावशीला विचार. नको, विचारू नकोस.) दुसरी गोष्ट हातांची. नवं खेळणं मुलापुढे ठेवलं की हजर असलेल्या सगळ्या मोठ्या माणसांनी आपापल्या तळहातांवर बसायचं. खरोखर, बुडाखाली हात. कारण मोठ्या माणसाला राहवत नाही, त्याचा हात आपोआप पुढे जातो आणि मुलाचा ठोकळा बरोबर जागी ठेवून मोकळा होतो. मूल स्वतःहून उठेपर्यंत कुणी हलायचं नाही की बोलायचं नाही. नाकाला खाज आली तर तो नाकाचा प्रश्न.

आता ते घर. लाकडी घर, त्याला पाच दारं, दारांवर एकापासून पाचापर्यंत भोकं पाडलेली. सोबत टोपलीभर लाकडी उंदीर, सगळे एकाच वजनाचे. ज्या दारावर जितकी भोकं तितके उंदीर आत घालायचे आणि छप्पर दाबायचं. वजन बरोबर भरलं तर आतला लाकडी टोला सरळ मधल्या घंटीवर पडतो, ट्रिंग. कमीजास्त झालं तर तो तिरका होऊन बाजूच्या मोकळ्या जागेत पडतो आणि घर गप्प. मावशीने यावर जीव टाकला होता. आणि मामा, ती मोकळी जागा मी रोज बघायचो. अशी रिकामी जागा बघून मला काय होतं ते तुला माहीत आहे. लहान बाळाचं नाक साफ करायचे रबरी फुगे असतात ना, तसले दोन आणले, त्यांच्या तोंडाला साध्या फुग्याची मान ताणून बांधली आणि घंटीच्या दोन्ही बाजूंना एकेक बसवला. दाबून बघितलं. मामा, आवाज असा निघाला की मीच मागे वळून बघितलं. बेत एवढाच होता की सकाळी मावशी घर तपासायला छप्पर दाबेल, दचकेल, मला चार शब्द ऐकवेल, आणि मी फुगे काढून टाकीन.

पण सकाळी मावशी तपासायला बसलीच नाही. बाईंचा निरोप आला की आजच या, आणि ती घर काखेत मारून निघाली. मागे मी, टोपली घेऊन. बाई म्हणजे त्या मुलांच्या शाळेतल्या बाई. स्वभावाने मऊ, पण सत्र संपत आलं होतं आणि त्यांना एका मुलीचं ठरवायचं होतं. त्या मुलीला मी भिंगरी म्हणतो, कारण हातात येईल ते ती गरागरा फिरवते आणि फिरत नसेल तर स्वतः फिरते. बोलते जवळजवळ काहीच नाही. आकड्यांच्या वर्गात ठेवायची, की शेजारच्या खोलीत पाठवायची, असा प्रश्न होता. शेजारच्या खोलीत मुलं मणी ओवतात. खोली वाईट नाही, पडदेसुद्धा छान आहेत, पण तिथून परत इकडे आलेलं मूल कुणी बघितलेलं नाही. मावशीची आधीची खेळणी भिंगरीने नुसती फिरवून टाकून दिली होती. तिची आई बाहेर बाकावर बसली होती. कुणाला काही विचारत नव्हती, फक्त दार उघडलं की बाईंच्या तोंडाकडे बघायची.

आम्ही हातांवर बसलो. भिंगरीने आधी एक उंदीर शेपटीवर उभा करून फिरवला, मग दुसरा. मग ते दोन्ही चाराच्या दारात टाकले आणि छप्पर दाबलं. पुढचं सांगत नाही. भिंगरीने हळूच मान वळवून बाईंकडे बघितलं. बाई लाल झाल्या, आणि हात बुडाखाली असल्यामुळे 'मी नव्हे' असं खुणेनेसुद्धा सांगता येईना. मावशी समोरच्या भिंतीकडे बघत होती. भिंगरीने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग मामा, ती हसली, अशी हसली की बाहेरच्या बाकावरून तिची आई उठून दारात आली. त्यानंतर ती जागची हलली नाही. हे दार, ते दार, आत्ता इतके उंदीर, मग तितके, सारखा आवाज आणि सारखं हसू. आमच्या हातांना मुंग्या येऊन गेल्या, तरी ती उठेना.

आणि घंटी एकदाही वाजली नाही. भिंगरी उठल्यावर बाई हळू आवाजात म्हणाल्या की इतका वेळ बसली हेच नवल, पण एकही दार बरोबर आलं नाही हो. आवाजाबद्दल त्या सभ्यपणे काहीच बोलल्या नाहीत. मावशीने मात्र मनातल्या मनात त्याची पुरती चौकशी करून निकाल लावला होता. छप्पर घट्ट बसल्यामुळे आतली हवा कोंडते आणि फटीतून निघते, असं तिचं ठाम मत. तिने बाईंची माफी मागितली आणि दुरुस्त करून पुढच्या आठवड्यात शेवटचं एकदा बघू, अशी विनवणी केली. बाई हो म्हणाल्या. त्यानंतर मात्र ठरवावंच लागेल, असंही म्हणाल्या. घरी येताना मावशीने मला हवा जायला छपराला भोकं पाडायला सांगितलं. मी लगेच कबूल झालो. छप्पर दुसऱ्या कुणी उघडलं असतं तर माझीच हवा गेली असती.

पण भोकं पाडता पाडता मला एक गोष्ट खटकायला लागली. एकदाही नाही म्हणजे काय? मी डोळे मिटले, मूठभर उंदीर उचलून हाताला लागेल त्या दारात कोंबले, छप्पर दाबलं. पुन्हा, पुन्हा. मामा, मी गणितात काय दिवे लावलेत ते तुला सांगायला नको, पण डोळे मिटूनसुद्धा माझी घंटी मधूनमधून वाजत होती. आंधळेपणाने खेळलं तरी कधीतरी बरोबर येतंच. मग हिचं एकदाही कसं नाही आलं? सगळी दारं चुकवायची तर प्रत्येक दाराचा बरोबर आकडा माहीत हवा, नाहीतर चुकून तो येणारच. भिंगरी चुकत नव्हती. ती बरोबर उत्तराला वळसा घालून जात होती.

आता माझी पंचाईत बघ. हे मावशीला सांगायचं तर फुगे सांगावे लागतात. आणि आणखी एक उपद्व्याप केलास तर सरळ बाबांच्या दुकानात काट्यामागे उभं राहायचं, असं तिने आधीच बजावलं होतं. बरं, गुपचूप फुगे काढावेत तर घर गप्प होणार, भिंगरी उंदीर फिरवून चालती होणार आणि मण्यांच्या खोलीत जाणार. आहे तसंच ठेवावं तर ती पुन्हा सगळं चुकवणार आणि तिथेच जाणार. मी दोन दिवस धड जेवलो नाही. (एक दिवस. दुसऱ्या दिवशी बेत चांगला होता.) शेवटी, मावशीला तपासायला वेळच उरू नये म्हणून आदल्या रात्री, एक फुगा मधे बसवला आणि घंट्या नेल्या दोन्ही बाजूंना. एक घराचीच होती, दुसरी माझ्या सायकलची काढली. म्हणजे चुकलं की ट्रिंग आणि बरोबर आलं की, तू समजलास. तसंही घंटी कुणाला हवी असते? घंटी वाजली की शाळेत जावं लागतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सगळे हातांवर. बाहेर बाकावर तिची आई. भिंगरी धावतच आली आणि मागच्यासारखे दोन उंदीर चाराच्या दारात टाकले. ट्रिंग. तिने तोंड वाकडं केलं. आणखी एक दार, पुन्हा ट्रिंग. बाईंनी सुस्कारा सोडला. मावशीच्या कपाळावर आठी आली, कारण चाराच्या दारात दोन उंदरांना घंटी कशी, हे तिला समजेना, आणि बोलायची तर सोय नाही. भिंगरी थांबली. फिरली नाही, काही फिरवलं नाही, नुसती घराकडे बघत राहिली. मामा, तेवढा वेळ मला वाटत होतं की मी एका पोरीचं आयुष्य सायकलच्या घंटीपायी मातीत घातलं. मग तिने दारावरच्या भोकांवरून एकेक करून बोट फिरवलं, चार उंदीर उचलले, आत घातले आणि दाबलं.

त्यानंतर तिने एकही दार सोडलं नाही. एक, तीन, पाच, दोन, हवी तशी उलटसुलट, सगळी बरोबर, आणि दर वेळी तो आवाज आणि ते हसू. बाईंचे ओठ हलत होते, त्या तिच्याबरोबर उंदीर मोजत होत्या. मग त्यांनी नियम मोडून हात बाहेर काढले आणि डोळे पुसले. बाहेर जाऊन त्यांनी भिंगरीच्या आईला एवढंच सांगितलं, "आमच्याच वर्गात राहील." आई बाकावर परत बसली आणि पदर नीट करत राहिली. आणि मावशी? ती सगळा वेळ भिंगरीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "ती दुसरी घंटी तुझ्या सायकलची आहे." मग काय, मी उभ्या उभ्या सगळं ओकलो. ऐकता ऐकता ती खुर्चीवर दोन्ही हात खाली घेऊन बसली. तो नियम त्या दिवशी माझ्या गालासाठी पाळला गेला. पण मग तिचे प्रश्न सुरू झाले, आणि ते माझ्याहून वाईट. चुकवताना ती आधी दाराकडे बघायची की टोपलीकडे? थांबायची का? पाचाच्या दाराला जास्त वेळ लावायची का? मी आठवून आठवून सांगत गेलो आणि ती मधेच म्हणाली, "दाब बघू एकदा." मी दाबलं. तिने मान तिरकी केली, पुन्हा दाबायला सांगितलं, आणि शेवटी अगदी गंभीरपणे म्हणाली की फुग्याची मान थोडी आखूड करून बघू या. तेव्हापासून आम्ही दोघं रोज दुपारी मान आखूड-लांब करून बघतोय. गिऱ्हाईक आलं की ती खोकते.

असो. पत्र लांबलं. मामीला नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुझा लाडका (असं मी धरून चालतो) भाचा

ता. क. विनंती राहिलीच, पत्र खरं तर तिच्यासाठीच लिहायला घेतलं. बाईंनी मावशीला विचारलं की ही अजब कल्पना तुम्हाला सुचली तरी कशी. मावशी आयुष्यभर चुकीला गप्प ठेवणारी बाई, तिला पादणारं घर आपलं म्हणवेना, आणि माझं नाव घेतलं तर आईपर्यंत जाईल. म्हणून तिने सांगितलं की कल्पना माझ्या भावाची, त्याचा या विषयाचा फार अभ्यास आहे. आता बाईंनी तुला पालकांच्या सभेत दोन शब्द बोलायला बोलावलंय. ये. नाही म्हणू नकोस. अभ्यास कुठे केला असं विचारलं तर घरी म्हण.

ता. ता. क. आणखी एक, हे तुला तिथे आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. भिंगरीने मला आवाज झाल्यावर घराकडे बोट दाखवून विचारलं, म्हणजे नुसत्या भुवया उडवल्या, की हे काय? मी सहज म्हणालो, मामा. (का म्हणालो ते तुझ्याच मनाला विचार.) तर मामा, ती बोलली. वर्गभर सांगत सुटली, आणि आता बरोबर उत्तर आलं की सगळी पोरं एका सुरात ओरडतात, मामा आला. बाईंना वाटतं मुलं तुझी आठवण काढतात. सभेला पोरंही असतील, तू आत आलास की ओळख करून देतील आणि तुझ्याकडे अपेक्षेने बघतील. तेवढं सांभाळून घे. आणि हात जोडतो, पाया पडतो, यातलं आईला, मामीला, वरच्या मजल्यावरच्यांना, कुणालाही बोलू नकोस.